गाडीचा माग आणि गाडीची निगा

उन्हाळ्यात तुमच्या गावी पाण्याचा टँकर येत असेल तर एकदा ड्रायव्हरला विचारून त्याच्या केबिनमध्ये डोकावून पाहा. स्टेअरिंगच्या खालच्या अंगाला, सहज नजरेस पडणार नाही अशा जागी, साबणाच्या वडीएवढी एक काळी डबी बसवलेली असते. तिच्यातून दोन-तीन वायरी निघून बॅटरीकडे गेलेल्या असतात. हेच ते जीपीएस यंत्र. त्याचे नाव आता कोणाला नवे नाही, पोरांच्या मोबाइलातही ते आहे. पण सरकारी कामावरच्या गाडीत ते का बसवायला लावले, त्याच्यामुळे काय कळते आणि काय कळत नाही, हे आज तुम्हांला सांगायचे आहे.

मी काही यंत्राचा माणूस नव्हे. परभणीच्या कृषी महाविद्यालयातून बी.एस्सी. होऊन बाहेर पडलो तेव्हापासून बियाणे, खते आणि किडी यांतच माझे दिवस गेले. परंतु पंचायत समितीतल्या विस्तार अधिकाऱ्याच्या वाट्याला टंचाईच्या दिवसांत टँकरची तपासणीही येते. त्या तपासणीत माझ्या हातून एक चूक झाली, आणि तिच्यामुळे हा विषय मला नीट समजला. ती चूक पुढे सांगणार आहेच.

आधी डबीचे काम कसे चालते ते पाहू. जमिनीपासून सुमारे २० हजार किलोमीटर उंचीवर अमेरिकेने सोडलेले उपग्रह सारखे फिरत असतात. ‘मी अमुक ठिकाणी आहे आणि आता इतके वाजले आहेत’ एवढाच निरोप ते सतत देत असतात. निरोप यायला किती वेळ लागला यावरून डबी त्या उपग्रहापासूनचे आपले अंतर काढते. चार उपग्रहांचे निरोप मिळाले की आपण कोठे आहोत हे तिला काही मीटरच्या फरकाने कळते. ज्यांनी शेताची मोजणी पाहिली आहे त्यांना यात नवल वाटायचे कारण नाही. पक्क्या खुणांपासून साखळी धरली की बांधाचा दगड कोठे हवा ते ठरते, तसेच हे. आपल्या इस्रोनेही ‘नाविक’ नावाची अशीच व्यवस्था उभारली आहे.

डबीत मोबाइलसारखे सिमकार्ड असते. त्यावरून ती आपला ठावठिकाणा दर काही सेकंदांनी कार्यालयाकडे कळवते. रेंज नसेल तर चांगली डबी माहिती पोटात साठवून ठेवते आणि रेंज आल्यावर पाठवते. म्हणून जिंतूरच्या डोंगरात शिरलेली गाडी कार्यालयातल्या पडद्यावर तासभर जागची हलत नाही आणि मग एकदम धावत सुटते. नवख्या कारकुनाला वाटते, ड्रायव्हर झोपला होता! नकाशावर विहिरीभोवती आणि गावाभोवती एक कुंपणही आखता येते. ते काट्यांचे नव्हे, रेघेचे. गाडी त्या कुंपणाच्या आत कधी आली, किती वेळ थांबली आणि कधी बाहेर पडली याची नोंद आपोआप होते. कोणी वायर तोडली तर तीही खबर जाते.

२०१२-१३ च्या दुष्काळात टँकरच्या निम्म्या फेऱ्या कागदावरच होतात अशी ओरड गावोगाव होती. त्या सुमारास शासनाने टँकरवर हे यंत्र बसवण्याची अट आणली, आणि त्याच्या नोंदीशी फेऱ्या ताडून मगच देयक द्यावे असे ठरले. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते तुम्हांला आठवत असेल. ती गाडी रूळ सोडून कोठे जाणार नव्हती. टँकरला मात्र वाटेत ढाबा लागतो, वीटभट्टी लागते, कोणाचे बांधकाम लागते! पुढे एस.टी.ने २०१९ मध्ये नाशिक विभागापासून बसगाड्यांवर अशी यंत्रणा बसवायला सुरुवात केली, आणि त्याच वर्षाच्या १ जानेवारीपासून नव्याने नोंदल्या जाणाऱ्या प्रवासी वाहनांना ती देशभर सक्तीची झाली. महापालिकांच्या घंटागाड्या, रुग्णवाहिका, वाळूच्या गाड्या अशी ही यादी वाढतच गेली.

मीटर बंद, आकडा चालू

हे यंत्र येण्यापूर्वी गाडीचा माग ठेवायला लॉगबुक होते. अजूनही आहे. तारीख, सुटण्याची वेळ, निघतानाचे किलोमीटर, परतल्यावरचे किलोमीटर, प्रवासाचे कारण, डिझेल आणि शेवटी सही, असे त्याचे रकाने. वही फार चांगली आहे. ज्याने ती आखली तो हिशेबी माणूस असला पाहिजे. पण मी नोकरीला लागलो त्या काळी एका कार्यालयात जी जीप होती, तिच्या मीटरची केबल तुटून चार वर्षे झाली होती. काटा शून्यावर बसलेला. तरीही लॉगबुकात रोजचे किलोमीटर एकेरी आकड्यापर्यंत बिनचूक लिहिलेले! मी नवा होतो म्हणून ड्रायव्हरला विचारले. तो म्हणाला, “साहेब, मीटर बंद हाय, पर हिशेब बंद ठिवून कसं चालंल?”

आपण हसतो, पण त्यात गाडीचे मरण होते. किलोमीटर खोटे म्हटल्यावर ऑइल कधी बदलायचे, फिल्टर कधी साफ करायचा, टायर कधी फिरवायचे हे कशावरून ठरवणार? त्या जीपचे इंजिन एके दिवशी रस्त्यातच जाम झाले. मग ती कार्यालयाच्या मागच्या अंगणात लिंबाखाली उभी राहिली, आणि दोन पावसाळ्यांत तिच्यातून गाजरगवत वर आले. अशा गाड्या तुम्हीही पाहिल्या असतील. सरकारी गाडी चालून चालून मोडते त्यापेक्षा निगेवाचून जास्त मोडते, असे माझे इतक्या वर्षांचे मत आहे.

ओली रेघ

आता माझी चूक. २०१८ च्या पावसाने पाठ फिरवली होती. ऑक्टोबरअखेर शासनाने राज्यातले १५१ तालुके दुष्काळी जाहीर केले होते. २०१९ च्या उन्हाळ्यात गंगाखेडकडच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावाचा टँकर माझ्या तपासणीत होता. गावाचे नाव सांगत नाही. लोकवस्ती १२००. माणशी रोज २० लिटर या हिशेबाने २४ हजार लिटर पाणी हवे, म्हणून १२ हजार लिटरच्या दोन फेऱ्या मंजूर होत्या.

मी संगणकावर पाहिले. गाडी रोज दोनदा विहिरीच्या कुंपणात जात होती, दोनदा गावाच्या कुंपणात येत होती, प्रत्येक वेळी वीस-पंचवीस मिनिटे थांबत होती. मधे कोठे आडवाट नाही, ढाबा नाही. इतकी सरळ नोंद मी दुसऱ्या गाडीची पाहिली नव्हती. मी शेरा लिहिला, ‘फेऱ्या नियमित’, आणि सही केली. असे तीन आठवडे चालले. लॉगबुकावर गावातल्या सह्याही होत्या. फेऱ्या झाल्या होत्या, तर सह्या का नसाव्यात?

मे महिन्यात कपाशीच्या गुलाबी बोंडअळीसंबंधी बैठक घ्यायला मी त्या गावी गेलो. मारुतीच्या पारावर माणसे जमली. फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या शेतात ठेवू नका, हे मी सांगत होतो, तोच मागे उभी असलेली एक म्हातारी म्हणाली, “साहेब, अळीचं मागून सांगा. आमाला लेकरं धुवायला पानी न्हाई.”

मी म्हणालो, “आजी, गाडी तर रोज दोनदा येते. मी स्वतः पाहतो.”

“येती की. मी कुठं न्हाई म्हन्ते? भरून निघती अन् सांडत सांडत येती. चला, दावते.”

तिच्यामागून मी वेशीबाहेरच्या चढापर्यंत गेलो. दुपारी दोनचे ऊन. डांबरी रस्त्यावर, अगदी मधोमध, एक ओली रेघ आली होती. वळणावर ती रुंद झाली होती आणि कडेच्या खड्ड्यात चिखल झाला होता. त्या चिखलात दोन शेळ्या तोंड घालून उभ्या होत्या. मी रोज कार्यालयात बसून जी रेघ पाहत होतो, ती हीच वाट होती.

दुसऱ्या फेरीची गाडी आली तेव्हा मी वर चढून पाहिले. टाकीच्या झाकणाला रबर नव्हते. चढ-उतारावर पाणी हिंदकळून तेथून उडत होते. मागच्या व्हॉल्व्हचे पॅकिंग गेलेले आणि त्यावर सायकलची ट्यूब गुंडाळलेली. टाकीत बांबू बुडवून माप घेतले तर पाणी दोन तृतीयांश भरले. म्हणजे १२ हजाराचे ८ हजार. दोन फेऱ्यांचे १६ हजार. माणशी २० ऐवजी १३ लिटर. त्यातच पिणे, स्वयंपाक, भांडी आणि तान्ह्या लेकराचे धुणे. २१ दिवसांत १ लाख ६८ हजार लिटर पाणी त्या रस्त्याने प्याले, आणि त्या प्रत्येक दिवसावर माझी सही होती. ते कागद फायलीत अजून असतील.

ड्रायव्हर पंचविशीतला पोरगा होता. मी रागावलो तेव्हा त्याने खाली पाहून सांगितले की मालकाला तीनदा सांगून झाले. मालक म्हणतो, बिल फेरीचे मिळते, लिटरचे नाही. मग हळूच म्हणाला, “साहेब, पान्याचं सोडा, मला वळनावर भ्या वाटतं. गाडी आपोआप ढकलल्यावानी होती.” तेही खरे होते. टाकीच्या आत पाण्याचा झोक अडवायला आडव्या पत्र्या असाव्या लागतात. त्या कुजून सुटल्या असतील तर अर्धवट भरलेल्या टाकीतले हजारो लिटर पाणी वळणावर एका अंगाला धावते आणि गाडी कलते. भरलेल्या टाकीपेक्षा अर्धी टाकी जास्त धोक्याची. बैलगाडीत पिंप अर्धे भरून कधी आणले असेल, तर तुम्हांला याचा अनुभव आहे.

त्याच संध्याकाळी अहवाल दिला. दुसरी गाडी लागली. ही गाडी पॅकिंग, रबर आणि टाकीची वेल्डिंग करून पाच दिवसांनी परत आली. दुरुस्ती मोठी नव्हती. खोट नोंदीत होती. गाडी कोठे आहे हे आम्ही दर मिनिटाला विचारत होतो, गाडी कशी आहे हे कोणीच विचारत नव्हते.

पोस्टकार्डाची गोष्ट

हा प्रश्न आजचा नाही. आपल्या मराठवाड्यातल्या जालन्याला मिशनच्या विहीर खोदाईच्या कामात एक सुधारलेला हातपंप तयार झाला, तो जालना पंप म्हणून ओळखला गेला. त्यात सुधारणा होऊन सोलापूर पंप आला, आणि सोलापूर पंपावरून १९७० नंतरच्या दशकात ‘इंडिया मार्क-२’ हा पंप घडला, जो आज तुमच्या शाळेपाशी किंवा वस्तीवर उभा असेल. त्यापूर्वीच्या बिडाच्या पंपांची दशा अशी होती, की १९७४ च्या सुमारास युनिसेफने पाहणी केली तेव्हा चारांतले तीन पंप बंद सापडले. पंप बसवणारे पुष्कळ होते, पंप बंद पडला हे कळवणारा कोणी नव्हता.

तेव्हा तमिळनाडूत एक साधी योजना झाली. प्रत्येक पंपाला गावातला एक राखणदार, गटाला एक मिस्त्री आणि जिल्ह्याला अवजारांची गाडी घेऊन फिरणारे पथक. राखणदाराजवळ पत्ता छापलेली पोस्टकार्डे दिलेली. पंप बिघडला की कार्ड पेटीत टाकायचे. आपल्याकडेही जिल्हा परिषदेच्या हातपंप दुरुस्ती पथकाचा आधार असाच गावच्या खबरेवर असतो. त्या पोस्टकार्डाला ना उपग्रह लागत होता ना सिमकार्ड. पण ते नेमके तेच सांगत होते जे माझ्या पडद्यावर दिसत नव्हते: वस्तू जागेवर आहे, काम मात्र करीत नाही.

उभ्या गाडीचाही माग

म्हणून ही डबी निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. तिच्याकडून चोर पकडण्याचेच काम करून घेतो, निगेचे करून घेत नाही, एवढेच. गाडी किती किलोमीटर चालली आणि इंजिन किती तास सुरू होते हे तिला आपोआप कळते. मग मीटरची केबल तुटली ही सबब उरत नाही. अमुक गाडीचे ऑइल बदलायची वेळ आली, अमुक गाडीची बॅटरी उतरत चालली, अमुक गाडी उभ्या-उभ्या इंजिन चालू ठेवून डिझेल जाळते, हे सगळे त्याच नोंदीतून काढता येते. जेसीबीसारख्या यंत्रांत तर कारखान्यातूनच अशी सोय येऊ लागली आहे. आपल्या मराठी माणसांचे जुने ठाणे असलेले इंदूर शहर २०१७ पासून स्वच्छतेत पुन्हा पुन्हा पहिले आले. तेथील महापालिकेने कचरागाड्यांवर जीपीएस बसवून त्या एका कक्षातून पाहिल्या, पण त्याबरोबर गाड्यांची कार्यशाळाही सुधारली. पडदा आणि पाना दोन्ही हवेत.

सगळ्यात जास्त उपयोग मला दिसतो तो न चालणाऱ्या गाडीला. मानवत, सेलू ही आपली कापसाची गावे. जिनिंगच्या आवारात कापसाला आग लागली तर पहिल्या काही मिनिटांतच काय ते होते. अग्निशामक गाडी महिनोन् महिने उभी असते. तिचे किलोमीटर वाढत नाहीत, म्हणून किलोमीटरवर चालणाऱ्या निगेच्या वहीत तिचा नंबरच लागत नाही. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, पंपाचे पॅकिंग सुकते, टायर एका जागी बसतात. अशा गाडीचे इंजिन रोज सकाळी दहा मिनिटे सुरू केले की नाही, हे डबी सांगू शकते. नगरसेवक मंडळींनी मुख्याधिकाऱ्यांना एवढे विचारायला हरकत नाही: गेल्या महिन्यात गाडी किती दिवस सुरू झाली होती?

तुमच्या घरच्या ट्रॅक्टरलाही हेच लागू आहे. त्याच्यावर डबी नसेल, पण तासमीटर आहेच. बऱ्याच ट्रॅक्टरांचे इंजिन ऑइल २५० तासांनी बदलायचे असते, नव्या गाडीची पहिली तपासणी त्याच्या फार आधी असते. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तिकेत आहे, आणि पुस्तिका बहुधा देवघराच्या फळीवर आहे. पुष्कळ जण ऑइल पाडव्याला किंवा पोळ्याला बदलतात. सणाची आठवण राहते हे खरे, पण रोटाव्हेटरवर हंगामभर भाड्याने फिरलेला ट्रॅक्टर आणि दारात उभा राहिलेला ट्रॅक्टर यांना एकच पाडवा कसा चालेल? आणखी एक. जुन्या ट्रॅक्टरचा तासमीटर घड्याळावर नव्हे, इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो. इंजिन ठरल्या गतीने फिरत असेल तेव्हाच त्याचा तास पुरा तास असतो; संथ गतीवर चाललेल्या कामाचे तास तो कमी दाखवतो. म्हणून हिशेब करताना थोडा हात राखून करावा. एक शाळकरी वही आणि दोरीने बांधलेली पेन्सिल औताच्या खोलीत टांगून ठेवा. लिहिण्याचे काम घरातल्या मुलीकडे द्या, त्या विसरत नाहीत.

टँकर येणाऱ्या गावाने काय करावे, हे विचाराल तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांच्या अर्जाने लॉगबुकाची आणि जीपीएस नोंदीची प्रत मागता येते. पण उत्तराला ३० दिवसांची मुदत. तोवर मृग निघून जाईल. त्यापेक्षा ग्रामसेवकाला, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, सांगून रोजच्या फेऱ्या आणि लिटर पंचायतीच्या फळ्यावर लिहायला लावा. सही करण्यापूर्वी झाकणाचे रबर, मागचा व्हॉल्व्ह आणि टाकीतले पाणी पाहा. टाकीत पाणी मोजून मग सही, हा क्रम सोडू नका. टाकीला पाण्याचा मीटर बसवून बिल लिटरवर काढावे, असे मी दोन बैठकांत सुचवले आहे. अजून ते कोठे झालेले माझ्या पाहण्यात नाही.

त्या डोंगरातल्या गावी बायकांनी त्याच वर्षी एक बांबू तासून घेतला. टाकी पूर्ण भरली असता पाणी कोठपर्यंत येते तेथे लाल रंगाची खूण केली, आणि खाली दर हजार लिटरला एक खाच घातली. बांबू समाजमंदिराच्या आढ्याला अडकवलेला असतो. पुढे पुन्हा टँकर लागला तेव्हा ड्रायव्हर दुसरा होता. बांबू घेऊन एक पोरगी शिडीवरून वर चढू लागली, तेव्हा तो हसला आणि म्हणाला की गाडीला जीपीएस आहे, सगळे साहेबांना दिसते. खाली त्याच आजी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “दिसू दे की त्यास्नी. तू झाकण उघड.”